ओरांगउटानला हात न लावता काढलेले चार आठवडे

बोर्निओहून परत आल्यापासून जो भेटतो तो आधी फोटो मागतो, म्हणजे ओरांगउटान या तिथल्या मोठ्या वानराचं पिल्लू कडेवर घेतलेला फोटो. तसा एकही फोटो माझ्याकडे नाहीये. जाताना माझ्याही डोक्यात तेच चित्र होतं, खोटं कशाला बोलू.

मी गेले होते बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातल्या भागात, पूर्व कालिमंतानमधल्या साम्बोजा लेस्तारी या ओरांगउटानच्या पुनर्वसन केंद्रात, व्हॉलंटियर म्हणून. बालिकपापन एअरपोर्टवरून गाडीने जाता येतं. आज दाट झाडी दिसते तिथे २००१ च्या आधी नुसतं माजलेलं गवत होतं, जंगल तोडून आणि जाळून संपलेलं, मग बीओएस फाउंडेशनने (ओरांगउटान वाचवणारी, हे केंद्र चालवणारी संस्था) जमीन घेऊन झाडं लावायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी सांगितलं, हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, मास्क काढायचा नाही. क्षणभर खूप वाईट वाटलं. पण कारण ऐकल्यावर गप्प झाले. आपला साधा सर्दी-खोकला, टीबी, हेपटायटिस हे सगळं त्यांना आपल्याकडून होऊ शकतं, आणि दुसरं म्हणजे ज्याला पुढे जंगलात सोडायचंय त्याला माणसाचा लळा लागला की संपलंच, तो उद्या माणूस दिसला की पळायच्या ऐवजी जवळ येणार, आणि जवळ येणाराच मारला जातो.

पिल्लं इथे येतात कशी हे मला आधी नीट माहीत नव्हतं. पिल्लू आईला इतकं घट्ट धरून असतं की ते मिळवायचं तर आईला मारावंच लागतं. म्हणजे तिथल्या प्रत्येक अनाथ पिल्लामागे बहुतेक वेळा एक मेलेली आई आहे. आणि ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांतून एकदाच व्यायते, पिल्लू तेवढी वर्षं आईजवळ राहून काय खायचं, झाडावर घरटं कसं बांधायचं हे शिकतं. ते सगळं इथे त्यांना सांभाळणाऱ्या स्थानिक बायका आणि फॉरेस्ट स्कूल, म्हणजे पिल्लांची जंगलातली शाळा, मिळून शिकवतात. वर्षानुवर्षांचं काम आहे ते, चार आठवड्यांसाठी आलेल्या माझ्यासारखीने मध्ये लुडबुड करायची नसतेच.

मग आम्ही करायचो काय? बांबू कापायचो, त्यात मध आणि फळं ठासून भरायची. केळीच्या पानात खाऊ गुंडाळून वर बांधायचं, मला तर सारखी आईची पानगी आठवायची. जुन्या फायर होजच्या पट्ट्या विणून झोके करायचे, माझी बोटं सोलून निघाली त्यात. पिंजऱ्यात राहावं लागणाऱ्यांचं डोकं आणि हात कामात राहावेत म्हणून हे सगळं.

काहींना कधीच सोडता येणार नाही, कोणाला हेपटायटिस बी आहे, कोणी अपंग आहे. त्यातल्या काहींसाठी पाण्याने वेढलेली छोटी बेटं केली आहेत. एका दुपारी पलीकडच्या काठावरून एक मादी पाहिली. तिने बांबू उचलला, एक डोळा लावून आत पाहिलं, मग डहाळी तोडली, पानं ओढून काढली आणि काडी आत घालून मध चाटत बसली. घाई अजिबात नाही. तेवढ्यात पाऊस आला तर तिने एक मोठं पान उचलून डोक्यावर धरलं आणि खाणं चालूच! मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे जंगल. हे नाव का पडलं असेल ते मला त्या काठावर उभं राहून कळलं.

१९९९ ते २०१५ या काळात बोर्निओत एक लाखाहून जास्त ओरांगउटान कमी झाले असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि २०१६ मध्ये त्यांना अतिसंकटग्रस्त यादीत टाकलं. कारणं म्हणजे शिकार, खाणी, लाकूडतोड, वणवे आणि तेलपामची लागवड. ते पामतेल जगात सगळ्यात जास्त आयात करतो आपला देश. घरी आल्यावर डबे उघडून पाहिले, फरसाण, बिस्किटं, आंघोळीचा साबण, सगळीकडे तेच. पामतेल बंदच करा असं मी म्हणणार नाही, कारण तेवढंच तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर जमीन कितीतरी जास्त लागेल, आणि तिथल्या लहान शेतकऱ्यांचं पोट त्यावर आहे. पण नव्याने जंगल तोडून केलेल्या लागवडीचं तेल नको हे आपण कंपन्यांना सांगायला पाहिजे, ईमेल करून, सारखं. मी आतापर्यंत चार कंपन्यांना लिहिलंय.

कोणाला जायचं असेल तर एवढंच बघा, जिथे पिल्लू मांडीवर देऊ म्हणतात तिथे पैसे भरू नका, कितीही मोह झाला तरी. टीबीची टेस्ट आणि हेपटायटिसची लस लवकर उरकून घ्या, लसीचे डोस पूर्ण व्हायला महिने लागतात. आणि फोटो हवाच असेल तर मी विणलेल्या झोक्याचा आहे, अजून कोणी बसलं नव्हतं तेव्हाचा.