बरं, ओके

दुपारी काहीतरी टाइप करत बसलो होतो. मध्येच संगणकानं एक चौकट समोर आणून ठेवली. फाइल सेव्ह करता आली नाही, केलेले बदल गेले, असं तिच्यात दोन ओळींत लिहिलेलं, आणि खाली एकच बटण: ओके. म्हणजे नुकसान माझं, निर्णय त्याचा, आणि वर संमतीही माझ्याच तोंडून वदवून घ्यायची. 'मला हे मान्य नाही' असं बटण कुठंच नाही. कोपऱ्यातली फुली दाबून पाहिली, तर तिचाही अर्थ ओकेच निघाला.

हे बटण तिथं आलं कसं याची एक गंमत आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅपलमध्ये 'लिसा' नावाचा संगणक तयार होत होता. ओके हा शब्द फार बोलीतला वाटतो म्हणून होकाराच्या बटणावर त्यांनी 'डू इट' असं लिहिलं होतं. मग संगणकाशी कधी संबंध न आलेली माणसं बसवून चाचण्या घेतल्या, तर काही जण नेमके त्या बटणापाशी अडायचे. एक जण चिडलाच. दोन शब्दांमधली जागा आणि अक्षरांचं वळण असं जमून आलं होतं की त्यानं ते सलग 'डोल्ट' वाचलं. डोल्ट म्हणजे मठ्ठ. मी काही मठ्ठ नाही, मग हे यंत्र मला मठ्ठ का म्हणतंय, असा त्याचा सवाल. झालं, ओके परत आलं आणि जगभरच्या पडद्यांवर जाऊन बसलं.

बोलीतला म्हणून नको झालेल्या या शब्दाचा जन्मच मुळी टवाळीतला. १८३०च्या दशकात बॉस्टनमधल्या वर्तमानपत्रवाल्यांना आद्याक्षरांचं वेड लागलं होतं. नुसती आद्याक्षरं घेऊन भागेना, तेव्हा शब्द आधी मुद्दाम अशुद्ध लिहायचे आणि मग त्यांची आद्याक्षरं घ्यायची, अशी टूम निघाली. 'ऑल करेक्ट'मधल्या 'ए'ला काढून 'ओ' बसवला, 'सी'ला काढून 'के' बसवला. २३ मार्च १८३९च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये दुसऱ्या पानावर, एका गमतीशीर मंडळाबद्दलच्या तितक्याच गमतीशीर मजकुरात हे 'ओ. के.' छापून आलं. 'सगळं बरोबर' असं सांगणारी दोन अक्षरं, आणि त्यातलं एकही बरोबर नाही! 'ऑल राइट'चंही असंच 'ओ. डब्ल्यू.' केलेलं होतं. ते बिचारं कुठल्या कुठे गेलं.

ओकेही गेलं असतं, पण १८४०ची निवडणूक आली. अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूकचे, म्हणून लाडानं 'ओल्ड किंडरहूक'. आद्याक्षरं पुन्हा तीच. समर्थकांनी लगेच ओके क्लब काढले. विरोधकांनी उठवलं, की आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्धलेखन येत नसे, तेच कागदांवर असं काहीबाही लिहीत. व्हॅन ब्यूरेन पडले. शब्द मात्र निवडून आला. पुढे तारयंत्रावर बसणाऱ्यांना पोच द्यायला दोन अक्षरांचं काहीतरी हवंच होतं.

एकदा मूळ गोष्ट विसरली की वारसदारांना तोटा नसतो. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन हा शब्द चॉक्टॉ या मूळच्या अमेरिकन भाषेतला समजून 'ओके'च्या शेवटी 'एच' लावून लिहीत. ग्रीक म्हणतात, आमच्या 'ओला काला'वरून, म्हणजे सगळं छान. कुणी स्कॉटलंडकडे बोट दाखवतं, कुणी हैतीच्या बंदराकडे. शेवटी कोलंबिया विद्यापीठातल्या अ‍ॅलन वॉकर रीड यांनी जुनी वर्तमानपत्रं उपसून १९६३-६४मध्ये बॉस्टनचा धागा पक्का केला. पुरावा बॉस्टनचा हे मान्य. तरी मला विचाराल तर थाप म्हणून ग्रीकांचीच सरस.

लहानपणी मात्र ओके हा माझ्या लेखी शब्द नव्हताच, ती वस्तू होती. नव्या इस्त्रीवर, नव्या थर्मासवर एक सोनेरी लंबगोल स्टिकर असायचा, मधोमध काळी दोन अक्षरं. तो न फाटता काढणं हे कसबाचं काम. आधी नखानं कडा उचलायची, मग तोंडाची वाफ द्यायची, मग श्वास रोखून तसूतसूनं सोलत आणायचा. असा एक स्टिकर मी धाकट्या भावाच्या कपाळावर लावला होता. उगाच नाही, रीतसर तपासणी करून: दात पाहिले, कानांच्या मागे पाहिलं, नखं पाहिली, एका पायावर उभं केलं. मग शिक्का. संध्याकाळभर तो कपाळ वर करून घरात हिंडला, आईला तोंड धुऊ देईना. सकाळी डिंक सुटला आणि स्टिकर उशीला चिकटलेला सापडला, तेव्हा जी रडारड झाली ती विचारू नका. त्याला वाटलं, आता आपण ओके राहिलो नाही.

आता हे स्टिकर आपण दिवसभर एकमेकांना लावत असतो. माझं एक खूळ आहे, ते सांगूनच टाकतो. मी कुणाला चार परिच्छेदांचा निरोप पाठवावा आणि उत्तर यावं 'ओके', तर तेवढं मी सोसतो. पण त्यापुढे पूर्णविराम असला की माझा दिवस नासतो. 'ओके.' काय बिनसलं असेल? नुसतं 'के' आलं तर विचारूच नका. दोन अक्षरांतलं एक वाचवून माणूस त्या वेळेत करतो तरी काय?

आणि हा शब्द दोनदा म्हटला की घटतो. गरम गरम म्हटलं की वाफ वाढते, लाल लाल म्हटलं की रंग चढतो. पण सिनेमा ओके होता म्हणजे बघायला हरकत नाही, आणि ओके ओके होता म्हणजे घरीच बसा. तिसऱ्यांदा, घाईत, 'ओके ओके ओके' म्हणजे कळलं, आता आवर. यात होकार कमी आणि सुटका जास्त. हो म्हटलं की माणूस बांधला जातो, नाही म्हटलं की भांडण लागतं. ओके म्हणून दोन्हींतून निसटता येतं, म्हणून तर तो असा चालतो.

मागे एका मैत्रिणीचं मोठं ऑपरेशन झालं. ती घरी आल्यावर फोन केला.

"कशी आहेस?"

"ओके."

"नुसतं ओके की ओके ओके?"

ती हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला, म्हणून दोनदा हॅलो हॅलो केलं.

"आहे रे," ती म्हणाली. "थांब जरा, दार लावून घेते."