तुम्ही विचारलंत म्हणून : घटस्फोट झाला, पण फ्लॅट अजून दोघांच्या नावावर

मी पुण्यात वकिली करते. कोर्टातली कमी, कागदांची जास्त: सर्च रिपोर्ट, करारनामे, खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, दस्त नोंदणी. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत असो नाहीतर सोसायटीच्या वार्षिक सभेत, एक प्रश्न मला हमखास गाठतो. "ताई, आमच्या भाच्याचा डिव्होर्स झालाय. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि ती विकायला तयार नाही. काय करता येईल?" मग कधीतरी तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो. मुलीचे वडील विचारतात, जावई सही देत नाही, त्याचं काय करायचं?

तर सांगते. विकायला लावता येतं. पण त्याला वेळ लागतो आणि त्या वेळाचे पैसे बहुतेकदा दोघांपैकी एकाच्याच खिशातून जातात. दोघंही सांगतात की वाद किमतीचा आहे. मला तो बहुतेक वेळा घाईचा दिसतो. जो त्या घरात राहतोय त्याला घाई नसते. जो बाहेर भाड्याच्या खोलीत राहून इकडचा हप्ताही भरतोय, त्याची झोप उडालेली असते. हे एकदा कळलं की समोरचा दर खेपेला पाच लाख वाढवून का सांगतो, याचा उलगडा होतो. त्याला पाच लाख नको असतात, त्याला सहा महिने हवे असतात.

मुळात नावं दोन लागतात ती कर्जामुळे. दोन पगार दाखवले की बँक जास्त देते, जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट दोघांना वेगवेगळी मिळते, आणि नवीन लग्नात ते बरंही दिसतं. करारनाम्यात 'लिहून घेणार' म्हणून दोघांची नावं एकाखाली एक येतात, पण कोणाचा हिस्सा किती हे कुठेच लिहिलेलं नसतं. मी लिहायला सांगितलं तर दोघं एकमेकांकडे बघून हसतात. "मॅडम, आत्ताच?" हो, आत्ताच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ असं सांगतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा. आणि कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल, तर दोघांचा समान हिस्सा धरायचा.

या पुराव्यातच सगळी मारामारी असते. समजा फ्लॅट आज ९५ लाखांना जाईल आणि कर्ज ३५ लाख उरलंय. एजंटची दलाली आणि सटरफटर खर्च वजा जाता हातात ५८ लाखांच्या आसपास येतात. निम्मे करा, संपलं. पण तो म्हणतो, सुरुवातीचे १५ लाख माझ्या वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून दिले, ते आधी बाजूला काढा. ती म्हणते, हप्ता तुझ्या खात्यातून जायचा कारण किराणा, शाळेची फी, तुझ्या आईची औषधं माझ्या पगारातून जायची. दोघांचंही खरं असतं. फरक इतकाच की वडिलांच्या १५ लाखांची नोंद बँकेत सापडते, किराण्याची सापडत नाही. म्हणून बायकांना मी नेहमी सांगते, घरखर्च तुम्ही आणि हप्ता त्याने, ही वाटणी करू नका. हप्त्याचा काही भाग तुमच्या खात्यातून जाऊ दे, किराणा त्याला भरू दे.

आता अडवणूक कशी चालते ते बघा. एका जोडप्याचं काम माझ्याकडे होतं. विकायचं दोघांनी तत्त्वतः मान्य केलेलं. ती मुलाला घेऊन फ्लॅटमध्ये राहत होती. एजंट गिऱ्हाईक घेऊन यायचा तेव्हा घर अगदी स्वच्छ, चहासुद्धा मिळायचा. बेडरूमच्या खिडकीशी आलं की बाई सहज म्हणायच्या, "पावसाळ्यात इथून थोडं पाणी येतं हं, आधीच सांगितलेलं बरं." पाणी खरंच यायचं, त्यामुळे खोटेपणाचा आरोपही करता येईना. गिऱ्हाईक जिना उतरेपर्यंत थंड झालेलं असायचं. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "याच्या पैशात या भागात वन बीएचके तरी येईल का? मुलाची शाळा समोर आहे." म्हणजे अडचण खिडकीची नव्हती आणि भावाचीही नव्हती. मुलाच्या दहावीनंतरच्या मे महिन्यात ताबा द्यायचा, तोपर्यंत मेंटेनन्स आणि मिळकतकर तिने भरायचा, असं लिहिल्यावर पुढचं गिऱ्हाईक टिकलं. ताबा उशिरा मिळणार म्हणून त्याने भाव थोडा पाडून घेतला, ती तूट दोघांनी निम्मी निम्मी सोसली.

समजुतीने जमलंच नाही तर कोर्ट आहे. वाटपाचा दावा लावायचा. नवरा-बायकोच्या मालमत्तेचा वाद कौटुंबिक न्यायालयात चालतो, आणि घटस्फोट होऊन गेला असला तरी चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच स्पष्ट केलंय. लग्न न करता एकत्र घर घेतलेल्यांना मात्र दिवाणी न्यायालयाचाच रस्ता. दोन खोल्यांच्या फ्लॅटचे काही दोन तुकडे होत नाहीत, तेव्हा १८९३ चा विभाजन कायदा कामाला येतो. मालमत्तेची सोयीची वाटणी शक्य नसेल आणि निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्याने मागणी केली, तर कोर्ट ती विकून पैसे वाटायचा हुकूम देऊ शकतं. मग कलम ३ येतं, जे अशिलाला कोणी नीट समजावून सांगत नाही. एकाने विक्री मागितली की दुसरा म्हणू शकतो, मीच त्याचा हिस्सा घेतो. कोर्ट मूल्यांकन करवून घेतं आणि त्या भावाने त्याला तो हिस्सा विकत घेता येतो. म्हणजे तुम्ही 'मोकळं करा' म्हणून गेलात आणि घर समोरच्याकडेच राहिलं, असं होऊ शकतं. पैसेच हवे असतील तर यात काही बिघडत नाही. पण 'तिला तिथे राहू द्यायचं नाही' एवढ्यासाठी दावा लावणाऱ्यांना हे आधी माहीत असलेलं बरं.

दावा किती वर्षं चालेल हे मी सांगत नाही, कारण ते माझ्या हातात नाही. हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला कापला जातो.

"माझा निम्मा हिस्सा परस्पर विकू का?" हेही विचारतात. कायद्याने स्वतःचा अविभक्त हिस्सा विकता येतो. पण अर्धा फ्लॅट घेणार कोण? त्यावर बँक कर्ज देत नाही, आणि ज्याला असले हिस्से स्वस्तात घ्यायचा नाद आहे त्याच्याशी तुम्हाला व्यवहार करायचा नसतो. आणि पुरुषमंडळींना एक सांगणं: ती माहेरी गेलेली असताना कुलूप बदलू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला सामायिक घरात राहायचा हक्क मागता येतो, आणि कोर्ट घर विकायलाच मनाई करू शकतं. मग विक्री राहते बाजूला आणि फौजदारी कोर्टाच्या तारखा सुरू होतात.

कर्जाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. "डिक्रीत लिहिलंय की हप्ते तो भरणार, मग माझा काय संबंध?" संबंध आहे. बँक तुमच्या घटस्फोटात पक्षकार नव्हती, त्यामुळे तो हुकूम तिला बांधत नाही. सहकर्जदार म्हणून सही केलीत तर संपूर्ण कर्जाला दोघंही जबाबदार. त्याने हप्ते चुकवले तर सिबिलचा आकडा तिचाही पडतो आणि तिला नवीन घरासाठी कर्ज मागताना ते नडतं. नाव काढायचं तर उरलेल्या एकट्याच्या पगारावर बँक पुन्हा पात्रता तपासते, आणि बऱ्याचदा घोडं तिथेच अडतं. फ्लॅट 'ठेवणारा' एकट्याने कर्ज पेलू शकत नसेल तर तो ठेवू शकत नाही, मग बैठकीत आवाज कितीही चढवा.

म्हणून माझं ठाम मत असं की घराचा निकाल आधी लावावा आणि घटस्फोटाचा मागून. संमतीच्या घटस्फोटात दोन अर्जांमध्ये सहा महिने असतात. २०१७ पासून ते माफ करण्याची मुभा कोर्टाला आहे आणि हल्ली सगळ्यांना तेच हवं असतं. मला हे पटत नाही. घराचं ठरलं नसेल तर ते सहा महिने घरासाठी वापरा. संमतीच्या अटींमध्ये 'फ्लॅट दोघं मिळून विकतील व रक्कम समान वाटून घेतील' एवढं एक वाक्य टाकून वकील मोकळे होतात, आणि दोन वर्षांनी तीच माणसं माझ्यासमोर बसलेली असतात. त्या वाक्यात तारीख नसते, किमान भाव नसतो, आणि तो भाव आला नाही तर किती उतरायचं हे नसतं. तोवर हप्ता कोण भरणार, भरलेला हप्ता शेवटच्या हिशेबात धरायचा का, घराची किल्ली कोणाकडे, गिऱ्हाईक कोणत्या वारी बघायला येणार, हेही नसतं. कोणी राहतच नसेल तर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या आणि भाडं सरळ कर्जाच्या खात्यात वळवा. सोसायटी त्यावर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचा आकार, म्हणून सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेऊ शकते. आणि मुदत टाकताना पंचांग बघा. पितृपक्षात संपणारी मुदत टाकू नका, त्या पंधरवड्यात कोणी टोकन देत नाही. पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या पुढची तारीख धरा.

मुद्रांक शुल्काचंही याच काळात बघून घ्या. लग्न कायम असताना पती किंवा पत्नीला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक २०० रुपये आणि वर स्थानिक अधिभार. डिक्री झाली की तुम्ही कायद्याने परके. मग त्याच हिश्श्यावर बाजारभावाने पूर्ण मुद्रांक बसतो, पुण्यात तो अधिभारासकट ७ टक्क्यांपर्यंत जातो. पण बक्षीसपत्र म्हणजे मोबदला न घेता दिलेलं. आतून पैसे घेऊन वर बक्षीसपत्र करायचा सल्ला कोणी देईल, त्याच्या नादी लागू नका. आणि कर्ज चालू असेल तर बँकेच्या परवानगीशिवाय तेही नाही.

एक जण परदेशात असला की आणखी एक फाटा फुटतो. तिथून भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं किंवा अपोस्टील (तिथल्या सरकारचा प्रमाणशिक्का) असलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवावं लागतं आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावं लागतं. ते आईच्या नावाने येतं, त्यामुळे निबंधक कार्यालयात सुनेशेजारी माजी सासूबाई बसतात. विक्रेता अनिवासी असेल तर खरेदीदाराने कापायचा कर नेहमीचा १ टक्का नसतो, बराच जास्त असतो. आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी काढला नाही तर मोठी रक्कम परताव्यापर्यंत अडकते. शिवाय २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या विक्रीतल्या नफ्यावर इंडेक्सेशनसह (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरून) २० टक्के किंवा त्याशिवाय १२.५ टक्के, यांतला कमी कर निवडायची सोय फक्त निवासी व्यक्तीला आहे. एकाच घराच्या दोन सारख्या हिश्श्यांवर दोघांना वेगवेगळा कर लागतो तो यामुळे, आणि मग निम्मं म्हणजे कराआधीचं की नंतरचं, यावर नवा वाद.

सह्यांच्या दिवशी काय होतं तेही सांगते, कारण त्या दिवसाची लोकांना उगाच धास्ती असते. टोकन घेऊन बाकड्यावर बसायचं. विक्रेते दोघं असल्याने त्यांना एकापाठोपाठ एक बोलावतात, कॅमेऱ्यात फोटो, यंत्रावर अंगठा. अडतं ते नावापाशी. करारनाम्यात ती सासरच्या नावाने आहे, पॅन माहेरच्या नावाने, आधारवर लग्नाआधीचं नाव पुन्हा लावलेलं. ऑपरेटर मान वर न करता विचारतो, "ह्या बाई त्याच का?" दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, शक्यतो राजपत्रातली नोंदही, आधीच तयार ठेवा; नाहीतर खरेदीदार, त्याची बायको, बँकेचा माणूस आणि तुम्ही सगळे हात हलवत परत जाल. पैशाचे डिमांड ड्राफ्ट दोघांच्या नावाने वेगवेगळे मागा. एकाच्या खात्यात घेऊन नंतर वाटू, हे मी माझ्या टेबलावर होऊ देत नाही.

तुमच्या भाच्याला किंवा मुलीला माझ्याकडे पाठवाल तेव्हा करारनामा, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बँकेचं कर्ज शिल्लक असल्याचं ताजं पत्र आणि सोसायटीची थकबाकी किती, एवढं घेऊन यायला सांगा. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट नकोत. ते वाचत बसले तर कामाचा तास त्यातच जातो.