चावतो म्हणजे नक्की कसा चावतो?

"तुमचा तो शुगर ग्लायडर अजून चावतो का हो? नसेल चावत, तर केलंत काय?" हा प्रश्न मला बाजारात विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, एकदा तर मासळीच्या लिलावात पापलेटाचा भाव चढत असताना विचारलाय. विचारणाऱ्याच्या घरी बहुधा कुणीतरी हौसेने आणलेला पिंजरा असतो आणि बोटाला पट्टी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण आधी माझाच उलटा प्रश्न: चावतो म्हणजे नक्की कसा चावतो? सगळं त्यावर आहे.

आमचा ग्लायडर, नाव खाजा, मुंबईहून आला. भाच्याने घेतला होता, मग त्याला फिरतीची नोकरी लागली आणि पिंजरा वेंगुर्ल्याला आमच्या माजघरात येऊन पडला. शेजारच्या काकी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "गो, ह्यो उंदीर कित्याक पोसतस?" उंदीर नव्हे, खारही नव्हे. कांगारूच्या गोतातला, पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवणारा प्राणी. मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा, तो ताणून एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. आपल्या सह्याद्रीतली उडती खार वेगळी. तिला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ती घरात ठेवायची नाही, हेही एकदा सांगून टाकते.

त्याचे खालचे पुढचे दात लांब आणि बाहेर आलेले असतात. झाडाची साल खरवडून चीक नि डिंक चाटायला ते कामाचे. तेच आपल्या बोटात शिरतात आणि रक्त काढतात.

आता पहिला चावा, भीतीचा. जंगलात या जिवाला घुबडाची धास्ती, म्हणजे संकट वरून येतं. आपण पिंजऱ्याचं वरचं दार उघडून हात आत सोडतो आणि वर म्हणतो, किती रागीट आहे! तो मागच्या पायांवर उभा राहतो, तोंड वासतो आणि बिघडलेल्या मिक्सरसारखा आवाज काढतो. एवढ्याशा देहातून इतका आवाज, भलेभले मागे सरतात. त्याला तेच हवं असतं. हात झटकन मागे घेतलात की त्याला कळतं, चावलं की हे लांब जातं. पुढच्या वेळी तो आणखी लवकर चावतो. म्हणून हात खालून, बाजूने न्यायचा, मूठ मिटलेली, आणि चावला तरी तिथेच ठेवायचा. ओरडायचं नाही, नाकावर टिचकी तर मुळीच मारायची नाही. चामड्याचे हातमोजे घालणारेही भेटतात. त्यांना एवढंच विचारते, ओळख तुमच्या हाताशी करून द्यायचीय की मोज्याशी?

कारण ही मंडळी माणूस ओळखतात ती वासावरून. नराच्या कपाळावर टक्कल दिसतं ना, ती गंधग्रंथी. आपल्या कळपातल्यांना तो ती घासतो. आपला वास त्याच्या घरात शिरला की निम्मं काम झालं. फ्लीसच्या, म्हणजे मऊ लोकरीसारख्या कापडाचे तुकडे रात्री मी उशाशी घ्यायचे आणि सकाळी त्याच्या झोपायच्या पिशवीत सरकवायचे. जुनी सुती साडी नको, सुटलेल्या धाग्यांत नखं अडकतात. पावसाळ्यात इथे काहीच वाळत नाही, कुबट वास सुटतो, पण म्हणून सगळी फडकी एकदम धुवायची नाहीत. निम्मी धुवायची, निम्मी तशीच. नाहीतर ओळखीचा वास जातो आणि खाजा परत पहिल्या दिवसावर.

दिवसा तो झोपतो. तेव्हा तीच पिशवी गळ्यात अडकवून मी तांदूळ निवडायचे, फोनवर बोलायचे, कापडावरूनच हात ठेवायचे. मे महिन्यातल्या भर दुपारी मात्र नाही, त्याला उकाडा सोसत नाही. रात्री त्याला घेऊन मच्छरदाणीत बसायचं. परदेशात लोक यासाठी वेगळा तंबू विकत घेतात; आपल्याकडे घरोघरी आहेच. आत शिरून मी नुसतं पुस्तक वाचत बसायचे. पकडायला जायचं नाही, त्याला चढू द्यायचं. अंगावर लेंड्या पडतात, पडू द्या.

दुसरा चावा खाण्याचा. सकाळी बांगडे साफ केलेत आणि संध्याकाळी बोट पुढे केलंत, तर चूक त्याची नाही. लिंबाने चोळलं तरी वास नखात राहतोच. बोटावर दही चाटवायची सवयही त्यातलीच. बोट म्हणजे खाऊ हे आपणच शिकवतो. चमच्याने द्या. पावसाळ्यात दिव्यावर येणारे किडे त्याला फार आवडतील, पण आजूबाजूला आंब्याच्या बागा आणि फवारण्या. मी देत नाही.

तिसरा चावा हलका, दातांनी बोट खरवडल्यासारखा. ती साफसफाई असते, लाड म्हणा. त्यावर किंचाळू नका.

आणि शांत असलेला अचानक चावायला लागला, तर दुखतंय असं समजा. नुसत्या फळांवर ठेवलेल्यांना कॅल्शियम कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात, मागचे पाय ओढायला लागतात. तिथे माया करून भागत नाही. आमच्याकडचे डॉक्टर गाईम्हशींचे, त्यामुळे मी गोव्याला नेते. प्राणी आणायच्या आधी डॉक्टर शोधा.

किती दिवसांत माणसाळतो, असं विचाराल. पिल्लू असेल तर काही आठवडे, हातोहात फिरून आलेला मोठा असेल तर महिनोन्‌महिने. आणि एकटा ठेवाल तर आपण कितीही केलं तरी तो कुढतो, कारण हा कळपाने राहणारा प्राणी. नीट सांभाळलं तर दहा-बारा वर्षं जगतो, तेवढी वर्षं रोज रात्री जागायची तयारी नसेल तर आणूच नका, असं मी तोंडावर सांगते. काहींना राग येतो. आम्ही नंतर लाडू नावाचा दुसरा ग्लायडर आणला, दोघांची नसबंदी केली, पिंजरे शेजारी ठेवून फडकी अदलाबदल केली. आता दोघं एकाच पिशवीत झोपतात.

मला आता फक्त तो तिसरा चावा मिळतो. आमच्या ह्यांना मात्र अजून पहिलाच. ते हात वरूनच घालतात, सांगून झालं.