आमची वाटचाल : मागाच्या स्पेअरपासून पाठीच्या आकड्यापर्यंत

आमचं वर्कशॉप इचलकरंजीत. वडिलांनी ते साध्या मागांच्या स्पेअरवर उभं केलं. पिकिंगचे भाग, बुश, गिअर, क्रँकशाफ्टची दुरुस्ती. गावात रेपियर आणि एअरजेट हे नवे, बिनधोट्याचे माग आले तशी ही कामं आटली. मागवाल्यांना हे सगळं ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही.

आकडा, म्हणजे पाठीतली गाठ आपल्याच हातानं दाबायचा वाकवलेला पाइप, निघाला तो एका जॉबरमामांच्या पाठीपायी. जॉबर म्हणजे मागांची देखभाल करणारा कारागीर. मामांचं आयुष्य बीम, म्हणजे सुताचा जड रूळ, चढवण्यात आणि मागावर वाकण्यात गेलेलं. उजव्या फऱ्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्यात कायमची गाठ. मान वळवायची तर अख्खं अंग वळवायचे. पाळी सुटली की फरशीवर उताणे होऊन पाठीखाली जुना धोटा (मागात आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा) सारायचे. बाम, शेक, मालीश, सगळं करून झालेलं. ‘दुखतंय तिथं माझाच हात पोचंना, मालक, आनि पोचला तर जोर लागंना.’ हे वाक्य ऐकलं आणि मी भंगारातला पाइप उचलला.

ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्यामागचं शास्त्र सांगितलं. स्नायूत ताठ पट्टा तयार होतो, त्यात एक दुखरा बिंदू असतो, आणि कळ कधीकधी भलतीकडेच उमटते. खांद्याच्या वरच्या स्नायूतली गाठ कानशिलात ठणकते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी याच विषयात हयात घालवली, हेही ताईंकडूनच कळलं. ताई म्हणाल्या, चोळू नका, दाबून धरा. दाबून धरायचं तर तरफ हवी, आणि तरफ म्हणजे आमचाच धंदा.

आता कामाचं. आकडा खांद्यावरून मागे जातो, मूठ दोन्ही हातांनी पोटापाशी धरायची आणि खाली ओढायची. पाइप 19 मिमीचा स्टेनलेस, 18 गेज जाडीचा. तो नुसता वाकवला की आतल्या बाजूनं चेपतो. म्हणून तव्यावर वाळवलेली, चाळलेली वाळू भरायची, लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत बसवायची, दोन्ही तोंडांना गुटके मारायचे आणि मग बेंडरला लावायचा. पाइपाचा वेल्डिंगचा जोड वाकाच्या आत नको, बाहेर नको, बगलेला हवा. नाहीतर तिथंच चीर जाते. टोकाला लेथवर कातलेला नायलॉनचा गोळा. मामांनी पहिला नमुना पाठीला लावला आणि ओरडले, ‘ह्यो तर खिळा हाय की! टोक जाड करा.’ गोळा वाढवत वाढवत 35 मिमीवर थांबलो. त्याला आत 10 मिमीचे आटे, वर आरपार पिन. पिनवर काटकसर करायची नाही.

मामा तो आकडा घेऊन शेडशेडनं फिरले. कमिशन देऊ केलं तर रागावले. मागवाले, शिंपी, एसटीचे ड्रायव्हर असं गिऱ्हाईक वाढत गेलं. ती वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते आमच्या डीलरबद्दल. नाव घेत नाही, गावाला माहीत आहे. नोटाबंदीनंतर रोकड थांबली तेव्हा मी त्याचा माल उधारीवर चालू ठेवला. त्यानं माझाच आकडा बाहेर दुसऱ्याकडून करून घेतला. लोखंडी पाइप, वर क्रोमचा मुलामा, गोळा नुसता चिकटवलेला. डिझाइनची नोंदणी मी माल बाजारात आणायच्या आधीच केली होती, दहा वर्षांची. यानं गोळा चपटा केला, मूठ वाकडी केली आणि म्हणाला, हे वेगळं डिझाइन. भाव माझ्या निम्म्यानं.

भावाचं दुःख नव्हतं. त्याचे गोळे ऐन दाबात निघायचे, पाइपाचं उघडं तोंड पाठीत घुसायचं, आणि लोक तक्रार घेऊन माझ्या दारात यायचे. दुकानदारांच्या लेखी आकडा म्हणजे आकडा. माझा माल परत आला, बँकेचे हप्ते थकले, एक लेथ विकायला काढला. तेव्हा मामा एका दुकानात दोन्ही आकडे घेऊन गेले. काउंटरवर दोन्हींचे गोळे पान्यात धरून पिळले. डीलरचा हातात आला, माझा जागचा हलला नाही. त्या दुकानदारानं माझा माल पुन्हा मांडला, मग त्याचं बघून इतरांनीही मांडला. 2019 च्या पुरात कच्चा माल भिजला, पण डीलरच्या तुलनेत तो पूर काहीच नव्हता.

नव्यानं धंद्यात येणाऱ्यांनो, नोंदणी आकाराला मिळते, अकलेला नाही. आणि उधारीवर डीलर सांभाळू नका. आकडा वापरणाऱ्यांनाही सांगतो. मणक्यावर आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला लावायचा नाही. अर्धा-एक मिनिट सोसेल इतकाच दाब, काळंनिळं होईपर्यंत नाही. हातात मुंग्या येत असतील तर आकडा ठेवा आणि डॉक्टरकडे जा. आमचे काही गिऱ्हाईक जोर लावणं म्हणजेच औषध समजतात, त्यांच्यापुढे मी हात टेकले.

मामा आता मागावर जात नाहीत. वर्कशॉपात येतात, स्टुलावर बसून नव्या पोरांच्या पिना तपासतात आणि चहाबद्दल कुरकुरतात. गेल्या दिवाळीत त्या डीलरचा फोन आला, मोठी ऑर्डर आहे, जुनं विसरून जाऊ या म्हणाला. मी म्हटलं, विसरलो, फक्त पैसे आगाऊ. ते काही अजून आलेले नाहीत.