तुम्ही विचारलंत म्हणून: रुळावर बसलेली बाई आता सह्या का गोळा करते

सोसायटीत विचारून झालं, माहेरी झालं, परवा एका हळदीकुंकवात वाण हातात ठेवता ठेवता पण विचारलं, की काय गं, २० ऑगस्ट २०२४ला बदलापूर स्टेशनात तूच ना रुळावर बसून फाशी द्या फाशी द्या करत होतीस, मग तो आरोपी, अक्षय शिंदे, पोलिसांच्या गोळीने मेला तर आता त्या पोलिसांच्या चौकशीसाठी सह्या गोळा करायचं हे काय खूळ, त्या नराधमाचा पुळका कधीपासून?

एकदाच सांगते. पुळका नाहीये. त्याच्यासाठी डोळ्यातून टिपूस आलं नाही, येणारही नाही. शाळेत अत्याचार झाला त्या चार वर्षांच्या दोन मुली होत्या हो, बदलापूरकरांना यापुढचं काय सांगायचं.

पण आपण रुळावर का बसलो होतो ते आठवा ना जरा. आरोपीला तर १७ तारखेलाच पकडलं होतं, तो आतच होता. आपलं डोकं फिरलं होतं ते त्या पोरीच्या आईला पोलीस स्टेशनला तासन्तास बसवून ठेवलं म्हणून, तक्रार घ्यायला टाळाटाळ केली म्हणून, शाळा हात झटकत होती म्हणून. म्हणजे जाब पोलिसांनाच विचारत होतो की आपण! फक्त "एफआयआर वेळेत घ्या" ही काही घोषणा होत नाही, फाशी द्या ओरडायला सोपं जातं, मीही ओरडले, घसा बसला होता दोन दिवस.

मग २३ सप्टेंबर. तळोजा जेलमधून व्हॅनने आणताना मुंब्रा बायपासपाशी त्याने पिस्तूल हिसकावलं, गोळी झाडली, पोलिसांनी स्वसंरक्षणासाठी मारलं. ही पोलिसांची बाजू, मोबाईलवर आली तेव्हा मी गवार मोडत होते. तसेच हात पुसले आणि "शाब्बास" टाकलं, पुढे चार फटाके. वाचलं आणि पाठवलं, मध्ये एक मिनिट पण गेलं नसेल. महिन्यापूर्वी ज्यांच्या एका शब्दावर माझा विश्वास नव्हता त्यांचं सगळं मी गवारीच्या शेंगा मोडता मोडता खरं मानून टाकलं. हे मला तेव्हा दिसलंच नाही, कसं दिसलं नाही ते अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन लोकलला चढले. अर्धा किलो. लेडीज डब्यात आमचा बारा-तेरा जणींचा ग्रुप आहे, वर्षानुवर्षं तीच खिडकी तीच सीट. एकजण म्हणाली पितृपक्षात कसले गं पेढे, पण घेतला. सगळ्यांनी घेतले. अंबरनाथ गेलं असेल, मी बॉक्स एकीपुढे धरला, तिचा नवरा हवालदार आहे. तिने बॉक्सकडे बघितलं आणि पर्सची चेन लावली. मला वाटलं उपास असेल. म्हटलं घे गं, तुला तर पहिला द्यायला पाहिजे, तुमच्याच लोकांनी केलं. तर अगदी हळू म्हणाली, "ताई, आमचे हे पण आरोपी ने-आण करतात. उद्या कोणी साहेबाने डोळ्याने खूण केली तर ह्यांनी काय करायचं? नाही म्हणायचं? आणि नंतर कोर्टाने विचारलं तर साहेब येणारे का, ह्यांनाच उभं करतील."

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते लिहिते, लपवून काय उपयोग, मी म्हणाले, "तुझी पोरगी असती तर?" तिला मुलगी आहे, तिसरीत. ती काहीच बोलली नाही, डोंबिवलीला गर्दी आत घुसली तशी उठून दरवाज्याकडे गेली. तिला उतरायचं असतं दादरला. दादरपर्यंत ती दारात उभी राहिली आणि मी मांडीवर पेढे घेऊन.

त्या दिवशी मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. मी तिच्यावर चिडलेच होते. नंतर हायकोर्टाने विचारलं की गोळी डोक्यात कशी, पायावर का नाही, तेव्हाही म्हटलं एसीत बसून बोलायला काय जातं. पण मग वाचत गेले. सुप्रीम कोर्टाने एन्काउंटरबद्दल १६ नियम घालून दिलेत, तो खटला मुंबईतल्याच एन्काउंटरांचा, निकालाची तारीख २३ सप्टेंबर २०१४. बरोब्बर दहा वर्षं आधी! गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस स्टेशनने करावा, हत्यार तपासणीला जमा करा, लगेच बढत्या-शौर्यपदकं देऊ नका. आमच्या निवेदनात याच्यापेक्षा जास्त काही नाहीये. मग जानेवारी २०२५ मध्ये मॅजिस्ट्रेटचा अहवाल हायकोर्टात आला, पाच पोलिसांना जबाबदार धरलं, पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नाहीत असं त्यात होतं. तरी सरकार गुन्हा नोंदवायला तयार नव्हतं, एप्रिलमध्ये कोर्टाला एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमायचा आदेश द्यावा लागला.

आणि एक, त्याला गोळी लागली तेव्हा शाळेचे विश्वस्त फरार होते. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो, शाळेत कोणाला काय माहीत होतं, कोणी काय दाबलं, हे त्याला उभं करून कोणी विचारणार नाही आता. ज्या पोलीस स्टेशनने त्या आईला बसवून ठेवलं त्याच्याबद्दल २३ तारखेनंतर तुम्ही कोणी एक शब्द काढलात? मी तर नाही काढला. बॅनर लागले, "बदला पुरा", आणि आपण रुळावरून उठलो ते उठलोच.

हो, मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. निर्भयाला २०१२ ते २०२० लागली. त्या मुलींनी मोठं होऊन कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या का? याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही. रात्री कधी वाटतं बरंच झालं, सकाळी सह्यांचा कागद घेऊन निघते. दोन्ही मीच आहे, काय करू.

हवालदाराची बायको अजून त्याच लोकलला असते. बोलतो आता आम्ही, पूर्वीसारखं नाही पण बोलतो. गेल्या महिन्यात तिच्यापुढे पण कागद धरला. तिने सगळा वाचला, दोनदा वाचला, पेन हातात घेतलं आणि मग परत दिलं. म्हणाली, "बरोबर लिहिलंय ताई. पण माझं नाव नको, ह्यांची बदली गडचिरोलीला करतील."