आमची वाटचाल : शाळेच्या कार्यशाळेतून बाजारात गेलेले सागवानी कोस्टर

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या गावात लाकडी कोस्टर तयार होतात, हे ऐकल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, की ज्या घरात चहा बशीत ओतून पितात तिथे कपाखाली आणखी चकती कशाला हवी? प्रश्न रास्त आहे. आमचे गिऱ्हाईक गावात नाहीच. ते नागपूरच्या कार्यालयांत, ताडोबालगतच्या रिसॉर्टांत आणि संक्रांतीच्या वाणासाठी काही वेगळे शोधणाऱ्या शहरी घरांत आहे.

मूळ धंदा दाराच्या चौकटींचा. चौकटी कापल्यावर उरणारे सागाचे हातभर तुकडे चुलीत जात असत आणि त्याचे वाईट वाटे. गावच्या शाळेत जुनी सुतारकामाची कार्यशाळा होती. बाक, शिकंजे, रंधे, पटाश्या सगळे शाबूत, परंतु तो विषय शिकवणे थांबल्यामुळे कुलूपबंद. शाळा सुटल्यानंतर ती जागा आम्हाला वापरू द्यावी, त्या बदल्यात आम्ही भाडे द्यावे, हत्यारांना धार लावून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांचा वर्ग घ्यावा, असा लेखी करार शाळा चालवणाऱ्या संस्थेबरोबर झाला. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा जो विचार मांडला, तो संस्थेच्या जुन्या मंडळींच्या चांगला परिचयाचा होता. त्यामुळे बोलणी भाड्याच्या रकमेवर न अडकता मुलांच्या हाताला काय वळण लागेल यावरच अधिक झाली. एक गोष्ट मात्र आम्ही पहिल्यापासून कटाक्षाने पाळली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहेच; शिवाय अठरा पूर्ण न झालेल्या कोणालाही आम्ही यंत्राजवळ उभे करीत नाही. विद्यार्थी नमुने आखतात आणि हातहत्यारांनी ते करून पाहतात. विक्रीचा माल शाळेचे माजी विद्यार्थी पगारावर घडवतात.

आमचा सर्वाधिक खपणारा अष्टकोनी कोस्टर अशा वर्गातूनच आला. मुलांना घरातील पेले, कप आणि मग यांच्या बुडांची मापे घेऊन येण्यास सांगितले होते. त्यावरून ९५ मिलिमीटर बाजूचा चौरस पुरेसा आहे, हे ठरले. गोल चकतीला लाकूड वाया जाते आणि लेथ लागते. नुसत्या चौरसाचे कोपरे पडल्यावर झिजतात. तेव्हा नववीतल्या एका मुलीने भूमितीची कंपासपेटी काढली. कर्णाच्या निम्मे अंतर कंपासात घेऊन चारही कोपऱ्यांवरून बाजूंवर कंस मारले, की अष्टकोनाचे आठही बिंदू मिळतात. ९५ मिलिमीटरच्या चौरसात प्रत्येक कोपऱ्यापासून सुमारे २८ मिलिमीटरवर खूण येते आणि चार सरळ काप दिले की काम होते. आजही पहिला साचा असाच आखला जातो.

दुसरी अडचण मे महिन्यातली. थंड पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला घाम फुटतो, बुडाखाली पाण्याचा पातळ थर साचतो, पेला उचलताना कोस्टरही चिकटून वर येतो आणि ओठांपर्यंत पोहोचण्याआधी खाली आदळतो. यावर पृष्ठभागात उथळ खाचा पाडल्या; पाणी त्यांत उतरते, हवा शिरते आणि पकड सुटते. खाचा खोल केल्या तर चहाचे थेंब वाळून बसतात व पुसता येत नाहीत, म्हणून त्या दीड मिलिमीटरच्या आतच ठेवल्या आहेत.

लाकडाच्या निवडीत आम्ही फार चोखंदळ झालो आहोत. आलापल्लीचे सागाचे जंगल आणि बल्लारशाचा लाकूड डेपो यांच्यामुळे सागाला आमच्या भागात तोटा नाही; तरी खरेदीची पावती आणि वाहतूक परवाना यांशिवाय आम्ही फळीही घेत नाही. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ६ टक्के आकसतो, तर गाभ्यापासून सालीकडे जेमतेम अडीच टक्के. या फरकामुळेच चकती वाटीसारखी वाकते. ज्या तुकड्याच्या टोकावर वलये उभी दिसतात तो आम्ही कोस्टरला घेतो, आडव्या वलयांचा तुकडा दुसऱ्या कामाला ठेवतो. बीजा या झाडाचे लाकूड रंगाने देखणे असते, पण त्याचा येथे उपयोग नाही. बीजाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी मधुमेहावर पिण्याची लोकांत रीत आहे. पाण्यात उतरणारा तोच रंग ओलसर पेल्याखाली टेबलावरच्या कापडाला डाग पाडतो.

लाखेचे पॉलिश चमकते, परंतु गरम कपाखाली त्यावर पांढरी वलये उमटतात. आम्ही जवसाचे तेल वापरतो. पॉलिश पेपरने १२० आणि मग २२० नंबरपर्यंत घासायचे, ओल्या फडक्याने पुसून उठलेले तंतू पुन्हा घासायचे, मग तेलाचा पातळ हात देऊन जास्तीचे तेल पुसून घ्यायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात; ती रोज बाहेर पसरून वाळवण्याचा नियम कार्यशाळेच्या फळ्यावर लिहिलेला आहे.

विक्रीबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. सुरुवातीच्या एका मोठ्या खरेदीदाराने पैसे बरेच महिने थकवले. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे असे २००६ चा कायदा सांगतो; पण गिऱ्हाईक तुटेल या भीतीने लहान माणूस त्याचा आधार घेत नाही. आता आम्ही निम्मी रक्कम आगाऊ घेतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत निम्मे कारागीर शेतावर असतात आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या भागातल्या, नाटकांचा हंगाम सुरू झाला, की नेपथ्य उभारायला एखादा हमखास रजा मागतो. म्हणून संक्रांतीच्या वाणाची मागणी आम्ही दसऱ्यापर्यंतच नोंदवून घेतो; उशिरा आलेल्यांना नकार देताना संकोच वाटत नाही.

सध्या विद्यार्थी बांबूच्या पट्ट्या जोडून केलेल्या कोस्टरवर काम करीत आहेत. बांबूला कीड लवकर लागते, त्यामुळे पट्ट्या बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यातून काढाव्या लागतात. अशी प्रक्रिया केलेली वस्तू पेयाच्या पेल्याखाली ठेवावी का, हे जाणकारांना विचारून पक्के झाल्यावर, आणि नमुना एक पावसाळा न वाकता टिकल्यावर, मगच तो मालाच्या यादीत घेतला जाईल.