‘नाही’ या उत्तराचा अर्थ

निराशा मोजणाऱ्या एका प्रश्नावलीचे मराठी रूप कितपत विश्वसनीय आणि सप्रमाण आहे, हे तपासण्याचे काम मी नाशिकमध्ये करत होते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या मापनश्रेणीत २० विधाने असून प्रत्येकाला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच उत्तर द्यायचे असते. आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या २०७ जणांचा पाठपुरावा करून १९८५ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की पुढे ज्यांनी जीवन संपवले त्यांच्यापैकी बहुतेकांचे गुण ९ पेक्षा जास्त होते. त्यामुळे या श्रेणीत एकेका खुणेला मोल असते.

अनुवाद आणि उलट-अनुवाद (मराठीवरून पुन्हा मूळ भाषेत केलेला) तज्ज्ञांनी मान्य केला होता. तरीही काही नकारार्थी विधानांचा एकूण गुणांशी मेळ बसत नव्हता आणि आम्ही त्याचा दोष अपुऱ्या नमुन्याला देत होतो.

त्या दिवशी निफाड तालुक्यातले साठीचे एक द्राक्ष बागाईतदार आले. व्यापाऱ्याकडे त्यांचे दोन हंगामांचे पैसे अडकले होते. चष्मा घरी राहिल्याने सहायिकेने विधाने वाचून दाखवली. ‘नाही’ने संपणाऱ्या विधानांना ते शांतपणे ‘नाही’ म्हणत गेले, तिने ‘चूक’वर खुणा केल्या आणि बेरीज ५ आली. नंतर ठरल्याप्रमाणे मी विचारले, “काका, या वाक्यातून तुम्हाला काय कळलं, ते तुमच्या शब्दांत सांगता का?”

“नाही म्हणजे नाहीच दिसत, ताई. पुढं काहीच दिसत नाही.”

हातातल्या बँकेच्या पासबुकाचा कोपरा ते सतत दुमडत होते. मी सर्व विधाने पुन्हा विचारली. बेरीज १२ झाली. मग जीव संपवण्याचे विचार येतात का, असे थेट विचारले (असे विचारल्याने ते विचार डोक्यात भरवले जात नाहीत, हे मी सहायकांना वारंवार सांगते), तेव्हा त्यांनी होकारार्थी मान हलवली. मनोविकारतज्ज्ञ येईपर्यंत मी जागची उठले नाही. बाहेर थांबलेल्या मुलाला त्यांच्या संमतीने आत बोलावले.

मराठी माणूस नकारार्थी वाक्याला ‘नाही’ म्हणून दुजोराही देतो, हे आम्हा मराठी बोलणाऱ्यांच्याच ध्यानात आले नव्हते, याचे मला फार वाईट वाटते. त्या संध्याकाळी तोंडी भरून घेतलेले सगळे अर्ज वेगळे काढले आणि कमी गुण आलेल्या प्रत्येकाला आम्ही फोन लावायला घेतला.